पोस्टडॉक, वय 33, आणि "पर्मनंट कधी होणार?"

पीएचडी झाली, पोस्टडॉक (पीएचडीनंतरची ठरावीक मुदतीची संशोधनाची नोकरी) चाललीय, बरोबरचे कंपनीत सेटल झाले आणि घरचे विचारतायत पर्मनंट कधी, उशीर तर नाही ना झाला... हे घेऊन बरेच जण माझ्याकडे समुपदेशनाला येतात म्हणून ही केस लिहितेय, तिला विचारून आणि तपशील बदलून.

मुलगी सांगलीकडची, विषय मॅथेमॅटिकल ऑप्टिमायझेशन (दिलेल्या अटींत सगळ्यात चांगला पर्याय शोधायचं गणित), परदेशात दुसरी पोस्टडॉक. पहिल्याच ऑनलाइन सेशनला एक्सेल शीट शेअर केली! पगार, शहर, पेपर, लग्न, आईबाबांचं वय, सगळ्याला वेटेज. तरी उत्तर येईना आणि झोप उडालेली.

मी आधी नेहमीचंच केलं, तिच्याच फील्डमधली माणसं काढली. जॉर्ज डँट्झिग, या विषयातला मोठा माणूस, त्याची गाजलेली सिम्प्लेक्स पद्धत 1947 ची, पण बर्कले विद्यापीठात प्रोफेसर झाला 1960 ला, मधे अमेरिकन एअरफोर्स, मग रँड ही संशोधन संस्था. आपले आयआयटी मुंबईचे नरेंद्र करमरकर, त्यांचा गाजलेला अल्गोरिदम 1984 चा, तोही बेल लॅब्ज या कंपनीच्या प्रयोगशाळेत असताना. ती म्हणाली, "मॅडम, ते डँट्झिग होते." खरंय, असल्या उदाहरणांनी कुणाला झोप लागत नाही.

मग विचारलं, यातली कुठली एक अट थोडी सैल केलीस तर सगळ्यात जास्त फरक पडेल? हसायलाच लागली, म्हणे अहो ही तर आमच्या गणितातली शॅडो प्राइस, मी शिकवते हे! पगाराची अट सैल केली, काहीच हललं नाही. 'पुण्यापासून चार तासांच्या आत' काढलं आणि यादी एकदम लांबली, गांधीनगर, मंडी, गुवाहाटीच्या आयआयटी. ही अट कुणाची? आईची म्हणे. आईला विचारलंयस? नाही.

पुढच्या वेळी विचारून आली. आईचं उत्तर, "आत्ता काय तू शेजारच्या गल्लीत राहतेस का?"

बाबांना वेळ लागला. पीएचडीनंतर तीन वर्षांचा अनुभव नसेल तर आयआयटीत बऱ्याचदा आधी असिस्टंट प्रोफेसर ग्रेड दोनवर कॉन्ट्रॅक्टने घेतात, ही तिथली पद्धतच आहे, हे त्यांना माहितीच नव्हतं, त्यांच्या लेखी कॉन्ट्रॅक्ट म्हणजे कधीही घरी.

आम्ही एक शेवटची तारीख ठरवली, तोपर्यंत आयआयटीत अर्ज, आणि सोबत एका कंपनीतही, विमानाच्या क्रूच्या ड्युट्या लावणं हे तिचंच गणित आहे, त्यात कमीपणा कसला. झोप बरीच सुधारलीय, निकाल यायचेत. बाबा अजून पर्मनंटचंच विचारतात, फक्त आता "ग्रेड कुठली?" हेही विचारतात.