परिपत्रकात नसलेली सुधारणा

प्रश्न : मी तहसील कार्यालयात महसूल सहायक आहे. दाखल्यांचे जे अर्ज त्रुटी काढून परत जातात, त्यांची मी तीन महिने वहीत नोंद ठेवली. बहुतेक अर्ज त्याच दोन कागदांवाचून अडत होते, म्हणून सोप्या भाषेतली एक पानी यादी खिडकीबाहेर लावण्याची परवानगी मागितली. ‘परिपत्रक नसताना असे काही लावायचे नाही,’ असे उत्तर मिळाले. आमच्यासारख्यांनी नवे काही सुचवूच नये का?

उत्तर : अवश्य सुचवावे. अर्ज नेमका कुठे अडतो हे मंत्रालयापेक्षा खिडकीवर बसणाऱ्याला अधिक ठाऊक असते, आणि तुमची वही हा त्याचा पुरावाच आहे.

1980 च्या दशकाच्या आरंभी अहमदनगरचे (आताचे अहिल्यानगर) जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी दप्तराची मांडणी, अभिलेखांचे वर्गीकरण आणि कर्मचाऱ्यांची बैठक व्यवस्था यांत केलेले बदल ‘लखिना पॅटर्न’ म्हणून राज्यभर ओळखले गेले. कागद वेळेवर सापडावा आणि आलेल्या माणसाला ताटकळावे लागू नये, इतकीच साधी गरज त्यामागे होती. अर्थात लखिना जिल्हाधिकारी होते. स्वतःच्या अधिकारात ते बदल करू शकत होते. तुमच्याकडे तो अधिकार नाही, म्हणून तुमची सूचना तोंडी न राहता टिपणीच्या रूपाने नस्तीत (कार्यालयीन फाइलमध्ये) गेली पाहिजे.

वरिष्ठांची भीती मात्र मला निराधार वाटत नाही. खिडकीवरच्या यादीत शासन निर्णयात नसलेला एखादा कागद आला, तर तो नागरिकाकडून विनाकारण मागितला जाईल आणि तक्रार वरिष्ठांवर येईल. त्यामुळे यादीतील प्रत्येक कागदापुढे तो कोणत्या आदेशानुसार लागतो हे टिपणीत लिहा. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 नुसार सेवा, कालमर्यादा, शुल्क आणि संबंधित अधिकारी यांची माहिती कार्यालयात प्रदर्शित करणे बंधनकारकच आहे. तुमची यादी त्याच कर्तव्याला पूरक आहे, असे त्यात नमूद करता येईल. याच अधिनियमानुसार मुदतीत सेवा न देणाऱ्या पदनिर्देशित (ती सेवा देण्यासाठी नेमलेल्या) अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपयांपर्यंत शास्ती, म्हणजे दंड, होऊ शकते. अर्ज पहिल्यांदाच परिपूर्ण आले, तर तपासणीचा वेळ वाचतो आणि हा धोकाही कमी होतो, हे वरिष्ठांना सहज पटेल.

टिपणीत तीन महिन्यांचे आकडे द्या, परंतु अर्जदारांची नावे किंवा क्रमांक देऊ नका. परवानगी केवळ एका दाखल्यासाठी आणि एका महिन्यासाठी मागा. त्या महिन्यात परत गेलेल्या अर्जांची पूर्वीप्रमाणेच नोंद ठेवून तोच तक्ता पुन्हा सादर करा. परवानगी नाकारली गेली, तर कारण लेखी मिळावे अशी विनंती नम्रपणे करावी. त्या कारणातूनच बहुधा यादीतील दुरुस्ती सुचते. तोपर्यंत खिडकीवर येणाऱ्याला ते दोन कागद तोंडी सांगायला कोणत्याही परिपत्रकाची गरज नाही.