मालक मोनाकोत, बिल कोणाच्या नावावर?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मँचेस्टर युनायटेड या फुटबॉल क्लबचा सहमालक जिम रॅटक्लिफ आयकर नसलेल्या मोनाकोत राहतो ते कायदेशीर आहे, क्लब इंग्लंडमध्ये रीतसर कर भरतो, खेळाडूंच्या पगारावर वरच्या टप्प्याला 45 टक्के आयकर कापला जातो. मग क्लबच्या ओल्ड ट्रॅफर्ड स्टेडियमबाहेर फलक घेऊन उभ्या राहणाऱ्यांना नेमकं काय टोचतं? हेवा वाटतो, की संघ हरतोय म्हणून चिडचिड?

संघ हरला की आवाज वाढतो, हे खरंच. पण एवढ्यावर उत्तर संपत नाही. क्लबचे अमेरिकन मालक असलेल्या ग्लेझर कुटुंबाच्या विरोधात हिरव्या-सोनेरी स्कार्फची लाट आली ती 2010 मध्ये. त्याआधीची सलग तीन वर्षं लीग युनायटेडनेच जिंकली होती, आणि 2008 मध्ये चॅम्पियन्स लीगही. कपाट चषकांनी भरलेलं असताना लोक न्यूटन हीथचे, म्हणजे क्लबच्या मूळ अवताराचे, रंग गळ्यात घालून मालकाला शिव्या देत होते. त्याच्याही आधी, 2005 मध्ये, काही जण बाहेर पडले आणि त्यांनी एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर हा स्वतःच्या मालकीचा क्लब काढला. हरण्याशी याचा काय संबंध?

कराबद्दलच्या चर्चेत तीन वेगळ्या गोष्टींची खिचडी होते, म्हणून आधी त्या निवडून घेऊ: कायद्यात राहून कर वाचवणं, सरकारी पैसा घेणं आणि कर सरळ न भरणं. चाहतेही त्यात घोळ घालतात.

करमुक्त केमन बेटांचंच घ्या. युनायटेडची न्यूयॉर्क शेअर बाजारात नोंदलेली कंपनी 2012 पासून केमनमध्ये आहे. ‘करबुडवे’ हा शिक्का तिथूनच बसला. प्रत्यक्षात ही कंपनी अमेरिकी करासाठी अमेरिकन धरली जाते. डिसेंबर 2017 मध्ये अमेरिकेने कंपनी कराचा दर कमी केला, तेव्हा भविष्यात मिळणाऱ्या सवलतींची किंमत घटली म्हणून युनायटेडला सुमारे 4.9 कोटी पौंड खात्यातून वजा करावे लागले होते. केमनचा मोठा फायदा दुसरा: ग्लेझरांकडच्या ‘ब’ वर्गाच्या शेअरला दहा मतं आणि बाजारात विकलेल्या ‘अ’ वर्गाच्या शेअरला एक. म्हणजे पैसा लोकांचा आणि मत घरातलं. राग धरायचाच तर यावर धरा, केमनच्या समुद्रकिनाऱ्यावर नको.

खरी गंमत 2005 च्या खरेदीत आहे. क्लब सुमारे 79 कोटी पौंडांना विकला गेला आणि त्यातली बरीच मोठी रक्कम उसनी होती. कर्ज काढलं ग्लेझरांनी, पण त्याचा मोठा हिस्सा टाकला क्लबवर, आणि त्या दिवसापर्यंत क्लबवर कर्ज नव्हतं. आता व्याज हा धंद्याचा खर्च. तो नफ्यातून वजा होतो आणि उरलेल्या नफ्यावर कर लागतो. म्हणजे मालकाने क्लब विकत घ्यायला काढलेल्या कर्जाचं व्याज चाहत्याच्या तिकिटातून गेलं आणि त्यामुळे सरकारचा करही घटला. 2017 पासून ब्रिटनने मोठ्या कंपन्यांच्या व्याज-वजावटीवर मर्यादा घातली, पण तोवर बारा वर्षं उलटली होती. व्याज, फी आणि लाभांश धरून ग्लेझरांच्या काळात क्लबमधून गेलेला पैसा एक अब्ज पौंडांच्या वर आहे. यात बेकायदा काहीही नाही, आणि चाहत्यांना नेमकं तेच सहन होत नाही.

आता रॅटक्लिफ. माणूस मँचेस्टरजवळच्या फेल्सवर्थचा, लहानपणापासून युनायटेडचा. रसायनांच्या धंद्यात अफाट कमावलं. 2010 मध्ये आपल्या इनिओस कंपनीचं मुख्यालय स्वित्झर्लंडला हलवलं, काही वर्षांनी परत आणलं. 2016 मध्ये ब्रेक्झिटचा पुरस्कार केला, 2018 मध्ये ‘सर’ झाला आणि 2020 मध्ये स्वतःचं करनिवासस्थान मोनाकोला नेलं. तिथे रहिवाशाला आयकर नाही (फ्रेंच नागरिक सोडून). फेब्रुवारी 2024 मध्ये त्याने सव्वाशे कोटी पौंडांच्या आसपास मोजून युनायटेडचा चतुर्थांशाहून जास्त हिस्सा घेतला आणि फुटबॉलचा कारभार ताब्यात आला.

इथवर चाहत्यांची फारशी तक्रार नव्हती. उलट गावचा पोरगा आला म्हणून बरं वाटलं होतं. ठिणगी पडली ती त्याने ‘उत्तरेचं वेम्ब्ली’ (वेम्ब्ली म्हणजे लंडनमधलं राष्ट्रीय स्टेडियम) अशी कल्पना मांडून, देशाचा पैसा नेहमी दक्षिणेतल्याच स्टेडियमवर का, उत्तरेचे लोकही कर भरतातच की, असं बोलायला सुरुवात केली तेव्हा. मुद्दा चुकीचा नाही. लंडन आणि उत्तर इंग्लंड यांच्यातल्या सरकारी खर्चाची तफावत खरीच आहे. पण हे सांगणारा माणूस स्वतः मोनाकोचा रहिवासी! आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात ते हेच.

आणि हे चालू असताना क्लबमध्ये काय होत होतं? आधी सुमारे अडीचशे नोकऱ्या गेल्या, मग आणखी दोनशेपर्यंत कपात जाहीर झाली. ओल्ड ट्रॅफर्डच्या कर्मचाऱ्यांचं मोफत जेवण बंद झालं. 2024-25 चा हंगाम अर्ध्यावर असताना उरलेली तिकिटं सरसकट 66 पौंडांना झाली, लहान मुलं आणि वृद्धांची सवलतही गेली. मार्च 2025 मध्ये एक लाख आसनांच्या, सुमारे 2 अब्ज पौंडांच्या नव्या स्टेडियमचं चित्र झळकलं, त्याच आठवड्यात लोक काळे कपडे घालून मोर्चा काढत होते. स्टेडियम खासगी पैशातून व्हायचं आणि सरकारने आसपासच्या भागाच्या पुनर्विकासाला पाठबळ द्यायचं, अशी आता मांडणी आहे. जमीन, रस्ते, मालगाड्यांचं टर्मिनल हलवणं, हे सगळं ‘आसपास’मध्ये येतं. हा आसपास कुठे संपतो, त्यावर पुढची दहा वर्षं भांडण चालेल.

तुम्ही म्हणाल, अनुदान दिलं तर बिघडलं कुठे, शहराचा विकास होतोच ना? लंडनच्या वेस्ट हॅम क्लबकडे बघा. मला वाटतं, या विषयावर यापेक्षा चांगला धडा नाही.

लंडन 2012 च्या ऑलिम्पिकसाठी बांधलेलं स्टेडियम नंतर फुटबॉलसाठी फिरवायचं ठरलं. फिरवण्याचा खर्च अखेरीस 32 कोटी पौंडांच्या पुढे गेला आणि त्यात वेस्ट हॅमचा वाटा होता 1.5 कोटी. करार 99 वर्षांचा, भाडं वर्षाला सुमारे 25 लाख पौंड, महागाईनुसार वाढणारं, आणि संघ खालच्या श्रेणीत गेला तर निम्मं. कोपऱ्यातल्या झेंड्यांपासून सामन्याच्या सुरक्षेपर्यंतचा खर्च सरकारी मालकाकडे. मैदानाजवळची खुर्च्यांची रांग अ‍ॅथलेटिक्ससाठी मागे सरकवायची आणि परत आणायची, त्याचा खर्च अंदाजापेक्षा कितीतरी पटींनी वाढला. न्यूहॅम ही लंडनमधल्या गरीब वस्त्यांची नगरपालिका. तिने या प्रकल्पात 4 कोटी पौंड घातले आणि 2017 मध्ये नुकसान सोसून अंग काढून घेतलं. लंडनचा महापौर सादिक खान याने चौकशी करून घेतली, तेव्हा स्टेडियम वर्षाला दोन कोटींहून जास्त तोट्यात असल्याचं बाहेर आलं. दुसरीकडे 2023 मध्ये वेस्ट हॅमने डेक्लन राइस आर्सेनलला दिला, 10 कोटी पौंड अधिक 50 लाख. मूळ भाड्याने मोजलं तर एका खेळाडूत चाळीस वर्षांचं भाडं निघतं.

आणि गंमत अशी की वेस्ट हॅमचे चाहतेही खूश नाहीत. अप्टन पार्क हे जुनं स्टेडियम गेलं, नव्या जागी खुर्च्यांपासून मैदान लांब पडतं, 2018 मध्ये बर्नलीविरुद्धच्या सामन्यात लोक मैदानात उतरले. करदात्याने पैसे घातले, चाहत्याने घर गमावलं आणि क्लबचं मूल्य मात्र वाढलं. म्हणूनच मी म्हणतो की चाहता आणि करदाता यांची तक्रार एकच आहे. दोघांनाही उठून जाता येत नाही. कोल्हापुरात फुटबॉलचे संघ पेठेतल्या तालमींचे, आणि तालीम ज्याची त्याची जन्माने ठरते. यंदा पाटाकडीलने वर्गणी वाढवली म्हणून कोणी खंडोबाकडे जात नाही. तसंच हे. गिऱ्हाईक पळून जाणार नाही याची खात्री असलेल्या दुकानदाराला दर वाढवताना कसली भीती?

करोनाकाळातली एक गोष्ट मी विसरत नाही. ब्रिटिश सरकार कामाविना घरी बसलेल्यांचा 80 टक्के पगार, महिना 2,500 पौंडांपर्यंत, स्वतः देत होतं. 31 मार्च 2020 रोजी लंडनच्या टॉटनहॅम क्लबने मैदानाबाहेरचं काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी तो घ्यायचं जाहीर केलं. मागच्या वर्षीचा नफा जवळपास 7 कोटी पौंड, मागे उभा असलेला अब्जाधीश जो लुइस बहामात. 4 एप्रिलला लिव्हरपूलनेही तेच केलं. खेळाडूंचा पगार सुरू आणि तिकीट खिडकीवरच्या बाईचा पगार सरकारकडून. लिव्हरपूलने दोन दिवसांत माफी मागून पाऊल मागे घेतलं, टॉटनहॅमने 13 एप्रिलला. दोन्हीकडे दबाव स्वतःच्याच चाहत्यांचा होता. पुढे टॉटनहॅमने बँक ऑफ इंग्लंडच्या योजनेतून 17.5 कोटी पौंडांचं स्वस्त कर्ज घेतलं, ते मात्र कर्जच होतं, दान नव्हे, हेही सांगायला हवं.

तिसरा प्रकार सरळ कर न भरण्याचा. क्रेग व्हाइटने 2011 मध्ये ग्लासगोचा रेंजर्स एका पौंडाला घेतला आणि कर्मचाऱ्यांच्या पगारातून कापलेला कर सरकारला देणंच थांबवलं. फेब्रुवारी 2012 मध्ये क्लब दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेला, पुढच्या हंगामात चौथ्या श्रेणीत खेळला. इंग्लंडमध्ये आणखी एक नियम आहे: क्लब बुडाला तर आधी इतर क्लब आणि खेळाडू यांची देणी पूर्ण द्यायची. पोर्टस्मथ 2010 मध्ये बुडाला, तेव्हा पैसे न मिळालेल्यांच्या यादीत कर खात्याबरोबर सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्स होती, म्हणजे सामन्याला प्रथमोपचार करणारी सेवाभावी संस्था. कर खाते कोर्टात गेलं आणि 2012 मध्ये हरलं. लाखो पौंडांचा करार असलेल्या बचावपटूला पूर्ण पैसे आणि पट्टी बांधणाऱ्याच्या हाती चिल्लर. डिसेंबर 2020 पासून कर खात्याचा क्रम थोडा वर आला, एवढंच.

न दिसणारं अनुदानही असतं. सामन्याच्या दिवशी स्टेडियमबाहेरच्या सार्वजनिक रस्त्यावरच्या पोलिसांचा खर्च क्लबला द्यावा लागत नाही, असा निकाल इप्सविच टाउनच्या खटल्यात 2017 मध्ये लागला.

हसू नका, हे आपल्याकडेही आहे. वानखेडेवरच्या टी-20 सामन्याच्या बंदोबस्ताचं शुल्क राज्य सरकारने जून 2023 मध्ये 70 लाखांवरून 10 लाखांवर आणलं, आणि तेही 2011 पासून मागे लागू करून.

मग चाहत्यांनी करायचं काय? ब्रिटनमध्ये 2025 च्या कायद्याने स्वतंत्र फुटबॉल नियामक आला आहे. तो मालकाची लायकी आणि क्लबची आर्थिक तब्येत तपासेल. मालक कर कुठल्या देशात भरतो, हा त्याचा विषय नाही, तेव्हा त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. जर्मनीसारखी निम्म्याहून जास्त मतं सभासदांकडे ठेवण्याची पद्धत इंग्लंडमध्ये आता आणणं मला तरी अशक्य वाटतं. विकलेला क्लब परत घ्यायला पैसे आणणार कोण?

घोषणांपेक्षा मला कागदावर जास्त भरवसा आहे. वेस्ट हॅमचा करार स्टेडियमच्या सरकारी मालकाने व्यापारी गुपित म्हणून दाबून ठेवला होता. वेगवेगळ्या, एरवी एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या क्लबांच्या चाहता संघटना एकत्र आल्या, माहितीच्या कायद्याखाली मागणी लावून धरली, आणि एप्रिल 2016 मध्ये तो करार उघड करावा लागला. वर भाड्याचा आणि झेंड्यांचा जो तपशील दिला, तो असा लोकांना कळला. मुंबईच्या बंदोबस्ताची थकबाकीही माहिती अधिकारातूनच बाहेर आली आणि त्यावरची जनहित याचिका उच्च न्यायालयात गेली. एवढ्या श्रीमंत खेळाला ही माफी कशासाठी, असा प्रश्न तिथे न्यायालयानेच सरकारला विचारला.