दहा की अकरा? गणपतराव देशमुखांची आमदारकी मोजताना

वाचनालयाच्या स्मरणिकेसाठी सांगोल्याचे (जि. सोलापूर) शेतकरी कामगार पक्षाचे, म्हणजे शेकापचे, आमदार गणपतराव देशमुख यांची कारकीर्द लिहिताय आणि 'सगळे अकरा वेळा म्हणतात, माझ्या तक्त्यात दहाच विजय येतात' असं विचारलंय. तक्ता पाहिला. मीही नेमका इथेच अडकलो होतो, म्हणून सविस्तर लिहितो.

तुमचे दहा असे: १९६२, १९६७, १९७८, १९८०, १९८५, १९९०, १९९९, २००४, २००९, २०१४. अकरावा १९७४ च्या पोटनिवडणुकीतला. निवडणूक आयोगाचे सांख्यिकी अहवाल सार्वत्रिक निवडणुकांचे असतात. १९७२ च्या फाइलमध्ये सांगोल्यासमोर काँग्रेसचा विजयी उमेदवार दिसतो आणि पुढची फाइल थेट १९७८ ची. मधे जागा रिकामी झाली, पुन्हा मतदान झालं, याची त्या पानांवर खूणसुद्धा नाही.

आता चूक काय होते ते सांगतो. दहाचे अकरा करायचे म्हणून माणूस १९७२ घुसडतो आणि वर 'सलग' लिहून मोकळा होतो. १९७२ ला ते हरले होते, १९९५ लाही हरले. 'सलग अकरा वेळा' हे वाक्य कुठेही दिसलं तरी उचलू नका. दुसरी चूक याहून महाग पडते. १९७२ ते १९७८ ते सभागृहात नव्हतेच असं धरून त्या वर्षांचे विधानसभेच्या कार्यवाहीचे खंड आपण उघडतच नाही. दुष्काळानंतरची चर्चा, आणीबाणी, १९७७ चा रोजगार हमी कायदा, सगळं त्याच काळातलं. दुष्काळी तालुक्याच्या आमदाराची कारकीर्द लिहायची आणि नेमके तेच खंड बंद ठेवायचे! मला सर्वांत जास्त किंमत याचीच मोजावी लागली.

त्यात भर एका कार्यालयाची, नाव लिहीत नाही. पोटनिवडणुकीचा निकाल माहिती अधिकारात मागितला, तर तिसाव्या दिवशी 'अभिलेख उपलब्ध नाही' एवढंच उत्तर. कलम ६(३) प्रमाणे अर्ज पाच दिवसांत संबंधित कार्यालयाकडे वर्ग करायचा असतो, तो केला नाही. राग अजून आहे. तुम्ही निकालासाठी थेट मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे आणि सदस्यत्वाच्या तारखांसाठी विधिमंडळ सचिवालयाकडे वेगवेगळे अर्ज करा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. 'खुलासा करावा' असं लिहू नका, 'प्रत मिळावी' लिहा. आणि 'पोटनिवडणुकांसह' हा शब्द विसरू नका. उत्तर टाळलं तर तीस दिवसांत पहिलं अपील. (मी वकील नाही, शुल्क आणि नियम एकदा तपासून घ्या.)

वर्षं मोजताना अकरा पंचे पंचावन्न करू नका. १९७२ ची विधानसभा आणीबाणीमुळे सहा वर्षं चालली, १९७८ ची दोन वर्षांत, फेब्रुवारी १९८० मध्ये बरखास्त झाली, १९९५ ची मुदतीआधी संपली. १९६२ ते ७२, १९७४ ते ९५ आणि १९९९ ते २०१९ असे तीन तुकडे मांडा. पन्नासच्या थोडं वर जातं.

विधानसभेच्या क्रमांकातही गफलत होते. १९५७ ला निवडून आलेलं सभागृह १ मे १९६० नंतर पहिली महाराष्ट्र विधानसभा धरलं जातं. म्हणून १९६२ ची दुसरी, २०१४ ची तेरावी. खंड मागवताना क्रमांकापेक्षा वर्ष आणि अधिवेशन लिहिलेलं बरं.

'देशात सर्वाधिक वेळा' हेही काढा. करुणानिधी तेरा वेळा निवडून आले, तेही एकदाही न हरता. केरळात के. एम. मणी एकट्या पाला मतदारसंघातून तेरा वेळा जिंकले. शेकापसारख्या पक्षाच्या चिन्हावर एकाच तालुक्यातून अकरा वेळा निवडून येणं, सत्तेत फक्त दोनदा (१९७८ चं पुलोद, म्हणजे शरद पवारांचं पुरोगामी लोकशाही दलाचं सरकार, आणि १९९९ चं विलासराव देशमुखांचं मंत्रिमंडळ) आणि बाकी बहुतेक काळ विरोधी बाकांवर, ही गोष्ट एवढी मोठी आहे की तिला खोट्या विक्रमाचा टेकू नको.

माझं स्पष्ट मत, पटलं तर घ्या: निम्मी पानं निवडणुकांना देऊ नका. तारांकित प्रश्न, लक्षवेधी, अर्धा तास चर्चा (आमदार सभागृहात सरकारला जाब विचारतात ते मार्ग) यांतून टेंभू आणि म्हैसाळ या उपसा सिंचन योजना आणि रोजगार हमी एवढे तीनच विषय घेऊन वर्षावर्षाने नोंदी करा. खंडांच्या सूचीत 'देशमुख' आडनावाचे अनेक सदस्य सापडतील, पूर्ण नाव जुळल्याशिवाय नोंद घेऊ नका. जुन्या लिखाणात 'भाई गणपतराव' असंही येतं, शेकापमध्ये ती पद्धतच आहे, तेव्हा शोधताना दोन्ही रूपं वापरा. आणि सुरुवात १९७४ च्या खंडांपासून करा.