पायथॉनच्या क्लासमध्ये प्रत्येक अ‍ॅट्रिब्यूटसाठी ‘सेल्फ.क्ष = क्ष’ लिहिणं टाळता येतं का?

तुम्ही विचारलंय ते असं: बिलातल्या एका ओळीसाठी क्लास केलाय, त्यात नाव, दर, नग असे सात-आठ अ‍ॅट्रिब्यूट आहेत, आणि प्रत्येक नाव तीनदा लिहावं लागतंय. एकदा इनिटच्या पॅरामीटरमध्ये, मग सेल्फच्या ओळीत बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना. हे एकदाच लिहून भागेल का?

भागेल. पायथॉन ३.७ पासून (२०१८) स्टँडर्ड लायब्ररीतच डेटाक्लासेस नावाचं मॉड्यूल आहे, वेगळं काही इन्स्टॉल करायला नको. खालचा कोड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिलाय; कीवर्ड, आकडे आणि लायब्ररीतली नावं टाइप करताना रोमनमध्येच लिहा.

फ्रॉम डेटाक्लासेस इम्पोर्ट डेटाक्लास, फील्ड
फ्रॉम डेसिमल इम्पोर्ट डेसिमल

@डेटाक्लास
क्लास बिलओळ:
    नाव: एसटीआर
    दर: डेसिमल
    नग: इंट = १
    शेरे: लिस्ट = फील्ड(डीफॉल्ट_फॅक्टरी=लिस्ट)

एवढ्यावर __इनिट__, __रेप्र__ आणि __ईक्यू__ या तिन्ही मेथड आपोआप तयार होतात. बिलओळ('तूरडाळ', डेसिमल('१६५')) असा ऑब्जेक्ट करून प्रिंट केला, तर मेमरीच्या पत्त्याऐवजी बिलओळ(नाव='तूरडाळ', दर=डेसिमल('१६५'), नग=१, शेरे=[]) असं वाचता येण्यासारखं दिसतं. सगळी फील्ड सारखी असलेले दोन ऑब्जेक्ट == ने समान ठरतात. माझ्या मते टायपिंग वाचण्यापेक्षा हा फायदा मोठा आहे, कारण टेस्ट लिहिणं फार सोपं होतं. (पैशांसाठी फ्लोट वापरू नका, डेसिमलच ठेवा.)

आता अडतं कुठे ते नीट बघा.

डेकोरेटर (क्लासच्या वरची @डेटाक्लास ही ओळ) फील्ड ओळखतो ते फक्त टाइपच्या खुणेवरून, म्हणजे कोलनपुढे लिहिलेल्या टाइपवरून. ‘शेरे: लिस्ट = []’ लिहिलंत तर क्लास तयार होतानाच व्हॅल्यूएरर येतो आणि डीफॉल्ट_फॅक्टरी वापरा असं तो सांगतो. पण टाइप विसरून नुसतं ‘शेरे = []’ लिहिलंत तर काहीच एरर येत नाही. ते फील्ड धरलंच जात नाही, साधा क्लास अ‍ॅट्रिब्यूट होतो, आणि सगळ्या ओळींमध्ये एकच लिस्ट वाटली जाते. तूरडाळीवर टाकलेला शेरा साखरेवरही दिसायला लागतो. ज्या चुकीला एरर येतो ती परवडली; ही शोधताना दिवस जातो.

वेळेच्या बाबतीत असाच गोंधळ होतो. ‘नोंद: डेटटाइम = डेटटाइम.नाऊ()’ लिहिलं की नाऊ() एकदाच चालतं, फाइल लोड होताना. मग सकाळी सुरू झालेला सर्व्हर दिवसभर सगळ्या नोंदींवर सकाळचीच वेळ टाकत राहतो. फील्ड(डीफॉल्ट_फॅक्टरी=डेटटाइम.नाऊ) असं लिहा, नाऊपुढे कंस न देता. फंक्शन द्यायचंय, त्याचं उत्तर नाही.

टाइप लिहिला म्हणजे तो तपासला जातो, असं मुळीच नाही. दर म्हणून '१६५' ही स्ट्रिंग दिली तरी ऑब्जेक्ट तयार होतो. पुढे दर * नग केलं आणि नग ३ असतील, तर पायथॉन स्ट्रिंग तीनदा जोडून '१६५१६५१६५' देतो, तेही कुठलाही एरर न देता. बाहेरून, म्हणजे फॉर्म, सीएसव्ही किंवा एपीआयमधून येणारा डेटा असेल तर __पोस्ट_इनिट__ या मेथडमध्ये स्वतः तपासा. इनिट संपता संपता ती आपोआप चालते. असे क्लास बरेच असतील तर सरळ पायडँटिक ही लायब्ररी घ्या, ते काम त्याचंच आहे.

रक्कम हे फील्ड मात्र __पोस्ट_इनिट__ मध्ये काढून साठवू नका. नंतर कोणी नग बदलले की रक्कम जुनीच राहते. तिथे @प्रॉपर्टी लावून दर * नग परत करणारी मेथड लिहा.

ऑब्जेक्ट सेटमध्ये टाकायला किंवा डिक्शनरीची की म्हणून वापरायला गेलात तर ‘अनहॅशेबल टाइप’ हा एरर येईल. कारण __ईक्यू__ तयार करताना डेकोरेटर __हॅश__ काढून टाकतो: फील्ड बदलली तर हॅशही (वस्तू शोधायला वापरला जाणारा आकडा) बदलेल आणि वस्तू सेटमध्ये असून सापडणार नाही. उपाय @डेटाक्लास(फ्रोझन=ट्रू). मग ऑब्जेक्ट बदलता येत नाही आणि हॅश मिळतो. तरीही आत लिस्ट असेल तर हॅश काढताना पुन्हा तोच एरर येतो, म्हणून अशा क्लासमध्ये लिस्टऐवजी टपल ठेवा. बदललेली प्रत हवी असेल तर त्याच मॉड्यूलमधलं रिप्लेस वापरा: रिप्लेस(ओळ, नग=३).

डीफॉल्ट नसलेलं फील्ड डीफॉल्टवाल्याच्या खाली चालत नाही. एका क्लासमध्ये क्रम बदलून भागतं, पण इनहेरिटन्समध्ये (एका क्लासवरून दुसरा करताना) अडचण होते, कारण मूळ क्लासची फील्ड नेहमी आधी येतात. वरच्या बिलओळीवरून ‘जीएसटीओळ’ हा क्लास तयार करून त्यात डीफॉल्टशिवाय ‘करदर’ टाकलात की टाइपएरर ठरलेला. पायथॉन ३.१० किंवा पुढचं असेल तर जीएसटीओळीवर @डेटाक्लास(केडब्ल्यू_ओन्ली=ट्रू) लावा; मग ‘करदर’ नावानिशीच द्यावा लागतो आणि क्रमाचा प्रश्न उरत नाही. सात-आठ फील्डच्या क्लासला हे एरवीही लावावं, दर आणि नग यांची अदलाबदल होत नाही.

आणखी एक शॉर्टकट कुणीतरी सुचवेलच: इनिटमध्ये केडब्ल्यूआर्ग्ज (नावानिशी दिलेली कुठलीही पॅरामीटर) घ्यायचे आणि लूप लावून सेटअ‍ॅटरने एकेक अ‍ॅट्रिब्यूट बसवायचं. करू नका. ‘नग’ऐवजी चुकून ‘नाग’ दिलं तरी ते निमूट स्वीकारलं जातं, एडिटरला अ‍ॅट्रिब्यूट सुचवता येत नाहीत, आणि क्लास वाचून त्यात काय आहे ते कळत नाही.

इतर भाषांतही अशी सोय आहे: पीएचपी ८.० मध्ये कन्स्ट्रक्टरच्या पॅरामीटरआधी पब्लिक किंवा प्रायव्हेट लिहिलं की प्रॉपर्टी तयार होते, कॉटलिनमध्ये वॅल लिहिलं की, आणि जावा १६ पासून रेकॉर्ड आहेत. मात्र तुमचा क्लास मुख्यतः डेटा धरत नसेल, डेटाबेसचं कनेक्शन उघडत असेल किंवा फाइल सांभाळत असेल, तर हाताने लिहिलेलं इनिटच ठेवा. तिथे आपोआप मिळणारं == उपयोगाचं नाही, आणि रेप्रमधून पासवर्ड लॉगमध्ये जाऊ शकतो. डेटाक्लासच हवा असेल तर त्या फील्डला निदान फील्ड(रेप्र=फॉल्स) लावा.