खान्देशातल्या घराची वंशावळ कुठे शोधायची आणि कागद कसे लावून ठेवायचे?

तुम्ही लिहिलंय की मूळ गाव अमळनेर तालुक्यातलं, घर दोन पिढ्यांपासून पुण्यात, पणजोबांच्या वरचं नाव कुणालाच सांगता येत नाही आणि जमलेले कागद एका पिशवीत कोंबलेले आहेत. आमच्या घराचं हे काम मी बरीच वर्षं करतोय. माझं ठाम मत आहे की आडनावाच्या मागे लागू नका, शेताच्या मागे लागा. आपल्याकडे निम्मं गाव 'पाटील' लावतं, त्यावरून काहीच कळत नाही. शेत मात्र जागेवरून हलत नाही.

आजोबांच्या नावाचा सातबारा काढा. त्यावर गोल करून लिहिलेले आकडे म्हणजे फेरफार क्रमांक, फेरफार म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलाची नोंद. ते उतरवून घ्या आणि एकेक फेरफार मागे मागे काढत चला. जुने सातबारे आणि फेरफार आता भूमी अभिलेखच्या संकेतस्थळावर बऱ्याच गावांचे मिळतात, नाहीतर तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करायचा. सर्वांत मोलाचा कागद म्हणजे वारसाचा फेरफार. खातेदार कधी मयत झाला, मागे विधवा कोण, मुलगे कोण, हे सगळं तिथे एका नोंदीत असतं. १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानंतरच्या नोंदींत मुलींची नावंही, बरेचदा सासरच्या आडनावासकट, सापडतात. घरात तोंडी सांगितलेल्या वंशावळीत या आत्या बहुतेक वेळा गळालेल्या असतात. त्याआधीच्या नोंदींत मुलींची नावं क्वचितच दिसतात, म्हणून तिथे नाव नाही याचा अर्थ मुलगी नव्हती असा घेऊ नका.

एका गोष्टीपाशी जरूर थांबा. नावापुढे 'ए.कु.मॅ.' असेल तर तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, बहुधा थोरला भाऊ. बाकीच्या भावांची नावं बहुधा त्या उताऱ्यावर नसतात, ती पुढच्या वाटणीच्या फेरफारात निघतात. 'अ.पा.क.' (अज्ञान पालनकर्ता) दिसलं तर वारस अज्ञान, म्हणजे वयाने लहान होता आणि पुढचं नाव त्याच्या पालनकर्त्याचं, बहुधा आईचं किंवा काकाचं. कितीतरी चुलत घराणी या दोन खुणा न वाचल्यामुळे वंशावळीबाहेर राहतात.

गट नंबर टाकून जुना कागद मिळाला नाही तर घाबरू नका. जमिनीचे तुकडे जोडण्याच्या एकत्रीकरण योजनेत जुने सर्व्हे नंबर बदलून गट नंबर झाले. दोन्हींचा मेळ भूमी अभिलेख कार्यालयात मिळतो. जिल्ह्याचंही तसंच. १९०६ पर्यंत सगळा एकच खान्देश जिल्हा, मग पूर्व आणि पश्चिम, १९६० नंतर जळगाव आणि धुळे, १९९८ साली धुळ्यातून नंदुरबार वेगळा. तुमच्या गावाच्या कागदावर 'पूर्व खानदेश' असेल तर तो तुमचाच.

जन्म-मृत्यूसाठी गाव नमुना नंबर १४ आणि कोतवाल बुक, तर शाळेसाठी जनरल रजिस्टर पाहा. शाळेतली १ जून ही जन्मतारीख मात्र खरी धरू नका, गुरुजींनी ती सरसकट लावलेली असायची.

जमिनीच्या फेरफारांची मजल साधारण विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत. त्याच्या वर जायचं तर त्र्यंबकेश्वर आणि नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या. तिथे गाव, आडनाव आणि जात सांगितली की तुमच्या गावाचे उपाध्ये कोण ते कळतं. घरातलं कुणी कधी अस्थी घेऊन किंवा सिंहस्थात गेलं असेल तर नोंद सापडण्याची चांगली शक्यता असते. तिथे शके दिसलं तर ७८ मिळवा, आणि जुन्या महसुली कागदावर फसली साल असेल तर ५९० मिळवा. एखाद्या वर्षाचा फरक पडतो.

आणि माणसांना विचारायचं असेल तर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला गावी जा. घागर पुजताना, आगारी टाकताना (पितरांसाठी विस्तवावर घास टाकताना) पितरांची नावं घेतली जातात, आणि सासरी गेलेल्या लेकी त्या दिवशी माहेरी असतात. म्हाताऱ्या आत्यांना आधी विचारा. कोण कुणाच्या घरी दिली हे त्यांना पुरुषांपेक्षा जास्त माहीत असतं. फोनवर आवाज रेकॉर्ड करा, पण विचारून.

आता पिशवीचं. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची रीत असल्यामुळे दर दोन पिढ्यांनी तोच तुकाराम, तोच दगडू येतो. म्हणून प्रत्येक माणसाला नंबर द्या आणि तो कधीही बदलू नका. सुनांनाही स्वतंत्र नंबर, सोबत त्यांचं माहेरचं गाव आणि आडनाव. प्रत्येक कागदाला वेगळा नंबर द्या आणि वहीत नावासमोर लिहा की ही गोष्ट कोणत्या कागदावरून किंवा कुणाच्या सांगण्यावरून कळली. दोन कागदांत दोन तारखा असतील तर दोन्ही ठेवा, एकही खोडू नका. फोटोच्या फाइलचं नाव सालापासून सुरू करा, '१९३४ वारस फेरफार' असं, पुढे गाव आणि नंबर, म्हणजे फाइली आपोआप सालवार लागतात. मूळ कागद लॅमिनेट करू नका आणि त्यावर चिकटपट्टी लावू नका. घड्या उघडून सपाट फाइलीत ठेवा. सगळ्याची एक प्रत दुसऱ्या घरी असू द्या.

पिशवीत मोडी कागद निघाले तर वाचणाऱ्याला मूळ प्रत न देता स्पष्ट फोटो द्या. धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ १९२७ पासून जुन्या कागदपत्रांचंच काम करतंय, मोडी वाचणाऱ्यांची चौकशी तिथे करून बघा. मिळालेलं बाळबोध (देवनागरीतलं) वाचन मूळ कागदाच्याच नंबराखाली लावून ठेवा.