वाचकांचे प्रश्न : उष्णतारोधक फ्रेंच प्रेसमधली कॉफी आणि चहा

प्रश्न : मी सकाळी सहा वाजता कॉफी करतो आणि पत्नी आठच्या सुमारास घेते. काचेच्या फ्रेंच प्रेसमधली कॉफी तोवर पार निवते, म्हणून दुहेरी भिंतीचा स्टीलचा प्रेस घ्यावा असा विचार आहे. त्यात कॉफी दोन तास गरम राहील का, आणि घेताना काय पाहावे? – एक वाचक, नाशिक

उत्तर : गरम राहील, पण चांगली राहणार नाही. फ्रेंच प्रेस म्हणजे पूड गरम पाण्यात मुरवून जाळी लावलेल्या दट्ट्याने चोथा खाली दाबण्याचे भांडे. दट्ट्या खाली दाबल्यावर चोथा तळाशी बसतो, मात्र जाळी काही तो सीलबंद करीत नाही. वरची कॉफी आणि खालचा चोथा यांचा संपर्क चालूच राहतो आणि कडवट, तुरट अंश सावकाश उतरत राहतात. भांडे जितके उष्णता धरून ठेवणारे, तितकी ही क्रिया लांबते. दुकानदार ज्या गुणाची जाहिरात करतात, तोच आपल्या बाबतीत दोष ठरेल. आपल्याकडचा काचेचा प्रेस शाबूत असेल, तर कॉफी तयार होताच पत्नीच्या वाटणीची कॉफी गरम पाण्याने विसळलेल्या लहान थर्मासमध्ये ओतून ठेवावी, हा माझा सरळ सल्ला आहे. नवा प्रेस घेतलात तरी आठ वाजताच्या कपासाठी हेच करावे लागेल.

तरीही दुहेरी भिंतीच्या प्रेसला अर्थ आहे, तो कॉफी मुरण्याच्या चार-पाच मिनिटांपुरता. एका पदरी काचेत, विशेषतः ३५० मिलिलिटरच्या लहान भांड्यात, पाणी एवढ्या वेळातही बरेच निवते आणि थंडीच्या दिवसांत कॉफी पचपचीत उतरते. स्टीलच्या निर्वात (दोन भिंतींमधली हवा काढून टाकलेल्या) भांड्यात तापमान टिकून राहते, शिवाय ओट्यावर आपटून ते फुटत नाही.

घ्यायचेच असल्यास प्रथम दोन भिंतींमध्ये निर्वात पोकळी आहे की नुसती हवा, हे विचारावे. दुहेरी काचेच्या बहुतेक प्रेसमध्ये हवाच असते. त्यामुळे हाताला चटका बसत नाही, पण उष्णता निर्वात स्टीलइतकी टिकत नाही. घरी आणल्यावर उकळते पाणी भरून दहा मिनिटांनी बाहेरून हात लावून पाहावा. काठाजवळचा भाग कोमट लागणे स्वाभाविक आहे, कारण तेथे दोन्ही भिंती जुळलेल्या असतात; पण मधला भाग तापला असेल, तर पोकळीत हवा शिरली आहे असे समजून भांडे बदलून घ्यावे. झाकण सहसा निर्वात नसते आणि उष्णता मुख्यतः तेथूनच निसटते, तेव्हा झाकण घट्ट बसणारे हवे.

मापाबाबत फसगत फार होते. खोक्यावरचा कप साधारण १२० मिलिलिटरचा धरलेला असतो, त्यामुळे ‘८ कप’ म्हणजे एक लिटर आणि ‘३ कप’ म्हणजे ३५० मिलिलिटर. मोठ्या मगने पिणाऱ्या दोघांना तीन कपांचे भांडे पुरणार नाही. चोथा स्वतःच्या वजनाच्या सुमारे दुप्पट पाणी धरून ठेवतो, तेही हिशेबात घ्यावे. स्टीलमधून आतली पातळी दिसत नाही, म्हणून आतल्या बाजूस खूण असलेले भांडे निवडावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे जाळी. तिची कड भिंतीला सगळीकडून टेकली पाहिजे, ती उलगडून धुता आली पाहिजे आणि त्या मापाची सुटी जाळी बाजारात मिळाली पाहिजे. भांडे वर्षानुवर्षे टिकते, जाळी टिकत नाही.

प्रश्न : दुकानातून आणलेली फिल्टर कॉफीची पूड मी वापरते. दट्ट्या इतका जड जातो की भीती वाटते, आणि कपाच्या तळाशी चिखल उरतो. प्रेस खराब आहे का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : प्रेस बहुधा ठीक आहे, पूड त्याच्यासाठी नाही. दाक्षिणात्य फिल्टरसाठी दळलेली पूड बारीक असते. ती जाळीत अडकते किंवा जाळीतून निसटून कपात येते. दट्ट्या जड लागला तर जोर मुळीच करू नये. दाबाखालची उकळती कॉफी कडेने उसळून हात भाजतो. दट्ट्या थोडा वर घ्यावा, क्षणभर थांबावे आणि पुन्हा हलकेच दाबावा.

पाकिटावर चिकोरीचे, म्हणजे कॉफीत मिसळलेल्या भाजक्या मुळाच्या पुडीचे, प्रमाणही पाहावे. आपल्याकडे ८०:२० आणि ७०:३० ही मिश्रणे सर्रास मिळतात, आणि नियमाने चिकोरी ४९ टक्क्यांपर्यंत असू शकते. चिकोरीचा अर्क पाण्यात झपाट्याने उतरतो, म्हणून चार मिनिटांनंतरची कॉफी काळीकुट्ट आणि गोडसर-कडू होते. दुधातल्या कॉफीला ती शोभते, प्रेसमधल्या कोऱ्या कॉफीला नाही. चिकमगळूर किंवा कोडगूची बिनचिकोरीची अरेबिका जातीची कॉफी घेऊन दुकानदाराकडून रव्यापेक्षा जाड दळून घ्यावी. घरी मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात दळायचे असेल, तर थांबत थांबत फिरवून मैद्यासारखा भाग चाळणीने काढून टाकावा. तरी दाणा सारखा येत नाही, हे मान्य करावे लागते.

प्रश्न : पूड, पाणी आणि वेळ यांचे नेमके प्रमाण सांगावे. पाणी उकळल्यावर किती थांबावे? – एक वाचक, पाचगणी

उत्तर : एक लिटर पाण्याला ६० ग्रॅम पूड, म्हणजे अर्ध्या लिटरला ३० ग्रॅम. चमच्यापेक्षा स्वयंपाकघरातला वजनकाटा बरा. पाणी ९२ ते ९६ अंश सेल्सिअस असावे. मुंबईत ते शंभर अंशांना उकळते, म्हणून अर्धा-एक मिनिट थांबावे. सुमारे १,३०० मीटर उंचीवरच्या आपल्या गावी मात्र ते ९६ अंशांच्या आसपासच उकळते, तेव्हा अजिबात न थांबता ओतावे.

आधी प्रेस उकळत्या पाण्याने विसळून घ्यावा, कारण थंड स्टील पहिल्याच क्षणी बरीच उष्णता शोषते. पूड घालून सगळे पाणी ओतावे, झाकण ठेवावे आणि चार मिनिटे हात लावू नये. मग वर जमलेली पुडीची साय चमच्याने मोडून फेस काढून टाकावा, आणखी तीन-चार मिनिटे गाळ बसू द्यावा आणि दट्ट्या तळापर्यंत न रेटता पृष्ठभागाखाली जेमतेम नेऊन हलकेच ओतावे. कपातला चिखल याने बराच कमी होतो. उष्णतारोधक भांड्याचा खरा फायदा येथे मिळतो, कारण इतके थांबूनही कॉफी कढत राहते. दूध घालून पिणाऱ्यांनी पाणी तेवढेच ठेवून पूड दीडपट करावी. दूध कपात घालावे, प्रेसमध्ये कधीही नाही. जाळीच्या घडीत त्याचा अंश राहून आंबतो.

प्रश्न : यात आपला रोजचा चहा होईल का? गवती चहा आणि ग्रीन टी यांचे काय? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : दूध, साखर आणि आले घालून उकळलेला चहा याचे काम नव्हे. त्यासाठी पातेलेच हवे, आणि निर्वात भांडे गॅसवर ठेवणे धोक्याचे आहे. तापल्याने ते फुटू शकते. सीटीसी पत्तीचे, म्हणजे नेहमीच्या दाणेदार चहाचे, दाणे क्षणात रंग सोडतात आणि बारीक चुरा जाळीतून निसटतो.

मोठ्या पानाचा दार्जिलिंग किंवा निलगिरी चहा मात्र सुरेख होतो. पाव लिटरला पाच ग्रॅम पत्ती आणि तीन मिनिटे पुरे. दट्ट्याने पाने पिळू नयेत, तुरटपणा वाढतो. तो पानांच्या वरच थांबवून चहा लगेच पूर्णपणे ओतून घ्यावा. ग्रीन टीला ७५ ते ८० अंशांचे पाणी लागते. उष्णतारोधक भांड्यात ते खाली उतरत नाही, म्हणून पाणी आधीच निववून घ्यावे आणि दोन मिनिटांत ओतावे. अन्यथा पाने शिजतात. गवती चहा, सुंठ, तुळस यांना ही भीती नाही. ती पंधरा मिनिटे मुरली तरी कडू होत नाहीत, आणि माझ्या मते या भांड्याचा आपल्या घरांतला सर्वांत चोख उपयोग हाच आहे.

प्रश्न : माझे कोलेस्टेरॉल वाढलेले आहे. ही कॉफी चालेल का? – एक वाचक, पुणे

उत्तर : रोज अनेक कप असतील तर टाळावी. कॉफीच्या तेलात कॅफेस्टॉल आणि काह्वेओल ही द्रव्ये असतात आणि ती एलडीएल, म्हणजे ‘वाईट’, कोलेस्टेरॉल वाढवतात. धातूची जाळी त्यांना अडवत नाही. कागदी गाळणी बहुतांश अडवते. प्रेसमधली कॉफी कागदी गाळणीतून ओतून प्यावी आणि डॉक्टरांना विचारावे.

प्रश्न : चहाला कॉफीचा वास येतो. – एक वाचक, मडगाव

उत्तर : वास जाळीत असतो, भांड्यात क्वचितच. दांडा फिरवून जाळी, वरची आणि खालची चकती सुटी करावी, कोमट पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून त्यात अर्धा तास भिजवावी आणि जुन्या दातांच्या ब्रशने घासावी. क्षारयुक्त पाण्याचा पांढरा थर बसला असेल, तर सोड्याऐवजी लिंबूसत्त्वाचे पाणी वापरावे. तारेची घासणी आणि ब्लीच स्टीलला लावू नये. चोथा सिंकमध्ये सोडू नये, नळी तुंबते. तो कुंडीच्या मातीत पातळ पसरावा. इतके करूनही वास राहिला, तर चहासाठी दुसरी जाळी घ्यावी. भांडे तेच चालते.