कॉलेजचं पहिलं वर्ष अन् टायमिंग अडकलंय? जरा दम धर

अरे भाऊ, कॉलेजात आल्यावर पळायचं टायमिंग वाढलं म्हणून इतकं टेन्शन काऊन घेतो? शाळेत तू ३००० मीटर पळत होता, तिथं सोबतचे सगळे तुझ्याच वयाचे, आता युनिव्हर्सिटीच्या ट्रायलला ५००० अन् १०,००० आले आणि बाजूला पंचविशीच्या जवळ आलेली, चार-पाच वर्षं मायलेज (आठवड्याला पळायचे किलोमीटर) जमवलेली पोरं उभी असतात, मग पहिल्या वर्षी मागे पडणारच ना. सिनियर किती किलोमीटर मारतात ते पाहून तू तेवढेच मारायला गेला तर नडगीच धरेल. दर आठवड्याला थोडं थोडं वाढव, तीन आठवडे झाले की एक हलका ठेव. नागपुरात मानकापूरच्या सिंथेटिक ट्रॅकवर रोज स्पाइक्स (खिळ्यांचे बूट) घालायची गरज नाही, इझी रन सेमिनरी हिल्सच्या चढावर, हळू, गप्पा मारता येतील इतक्या स्पीडनं. एप्रिल-मेमध्ये सकाळी साडेपाचच्या आतच निघ, नागपूरच्या उन्हात सातनंतरचं टायमिंग धरायचंच नाही.

अन् मेसचं जेवण! सतत थकवा वाटत असेल तर डॉक्टरला विचारून हिमोग्लोबिन, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) तपासून घे, पोरींनी तर नक्कीच, आणि जेवणावर लगेच चहा नको, लोह कमी शोषलं जातं.

बीडचा अविनाश साबळे बघ, बारावीनंतर सैन्यात गेला, २०१५ ला तिथं क्रॉसकंट्री (मोकळ्या रानातली लांब शर्यत) धरली, स्टीपलचेस (अडथळे अन् पाण्याचा खड्डा ओलांडत ३००० मीटर) त्याच्याही नंतर, आणि २०२२ च्या बर्मिंगहॅम कॉमनवेल्थला ८:११.२० मध्ये सिल्व्हर. शाळेतल्या मेडलचं त्यात काही नव्हतं.

परीक्षेच्या महिन्यात मायलेज सरळ कमी कर, कोच ओरडला तरी.